प्लास्टिकातील माती : एका मिश्रणाचा इतिहास



रसायनाच्या विषयावर बोलण्यासाठी चालकांनी एका युनियनवाल्याला बोलावले, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझी शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढे जे शिकलो ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. परंतु आजचा विषय मी पुस्तकात भेटण्यापूर्वी अंगावर घेतलेला आहे, आणि तोही अक्षरशः.

वयाच्या सतराव्या वर्षी मी एका लहानशा प्लास्टिक कारखान्यात लागलो. बादल्या, टब, स्टुले असला माल निघत असे. माझे काम मिक्सरवर. प्लास्टिकचा दाणा ओतावयाचा, त्यावर पांढऱ्या पुडीची गोणी फोडावयाची आणि झाकण लावून फिरवावयाचे. गोणी फुटली की धुके पसरे. पाळी सुटली म्हणजे आमच्या भुवया पिकलेल्या दिसत. माझ्या जोडीला एक पोक्त गृहस्थ होते, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. मी एकदा विचारले, "तात्या, ही पूड कशाची हो?" ते म्हणाले, "खडूची रे पोरा. माल स्वस्त पडतो." नाकाला फडके बांधावे काय असे सुपरवायझरला विचारले, तेव्हा तो हसला. म्हणाला, "माती ती, मातीने कुणाला काय होतंय?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जो इतिहास सापडला, तो आज आपणांपुढे मांडतो.

पदार्थात माती मिसळून तो बळकट करणे ही कल्पना काही विलायती नव्हे. आपल्या घरांच्या भिंती पाहा. नुसत्या चिखलाची भिंत वाळली की तडकते, म्हणून गाऱ्यात गवताचा भुसा तुडवितात. एक वस्तू दुसरीला धरून ठेवते. दोन निराळ्या स्वभावांच्या पदार्थांनी एकत्र येऊन एकमेकांची उणीव भरून काढणे, एवढेच या साऱ्या विद्येचे सार आहे.

कारखान्यांच्या युगात हा धडा प्रथम रबराने गिरविला. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. तथापि एवढ्याने गाडीचे टायर रस्त्यावर फार दिवस टिकेनात. रबरात झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घालीत, म्हणून आरंभीचे टायर पांढुरके असत. पुढे १९०४ साली लंडनच्या पूर्वेस, थेम्सकाठच्या सिल्व्हरटाऊन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट या रसायनज्ञाने रबरात काजळी घातली, आणि रबराचा चिवटपणा व झीज सोसण्याची शक्ती कित्येक पटींनी वाढली. आज सगळ्या जगाचे टायर काळे दिसतात ते या काजळीमुळे.

सिल्व्हरटाऊन हे नाव आम्हा चळवळीतल्या लोकांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याच कारखान्यात १८८९ साली कामगारांनी जवळजवळ तीन महिने संप केला. कार्ल मार्क्सची कन्या एलेनॉर तेथे रोज जाऊन बायकांची संघटना बांधीत असे. संप मोडला. शास्त्राच्या ग्रंथांत त्या जागेची काजळी सापडते, चळवळीच्या ग्रंथांत संप सापडतो. दोन्ही गोष्टी एका छपराखाली घडल्या, हे दोन्हीकडची पुस्तके वाचणाऱ्यालाच कळते.

काजळीने एक मोठा धडा शिकविला. जाड पूड घातली तर रबर केवळ स्वस्त होते. बारीक पूड घातली तर ते बळकट होते. टायरातील काजळीचा कण काही दशक नॅनोमीटरांचा असतो. नॅनोमीटर म्हणजे काय? एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यांतील एक. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास भरते. कण जितका लहान, तितका तेवढ्याच वजनात पृष्ठभाग अधिक. आणि पृष्ठभाग जितका अधिक, तितकी रबराला धरावयास जागा अधिक. म्हणजे भेसळ आणि बळकटी यांतील भेद पदार्थाच्या नावात नाही. तो कणाच्या आकारात आणि त्याच्या पकडीत आहे.

प्लास्टिकाने हीच वाट धरली. लिओ बेकलंड याने १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले आणि १९०९ साली जगापुढे मांडले. शुद्ध बेकेलाइट ठिसूळ. म्हणून त्यात लाकडाचा भुगा घालीत, आणि जेथे उष्णता सोसावयाची तेथे ॲस्बेस्टॉस. विजेची बटणे, टेलिफोन, भांड्यांच्या मुठी यांतून ते घरोघर गेले. ॲस्बेस्टॉसचे तंतू बारीक, चिवट आणि अविनाशी. याच गुणांमुळे ते वस्तूला बळकटी देत, आणि याच गुणांमुळे कामगाराच्या फुप्फुसात शिरले की तेथून हलत नसत. पुढे कर्करोगाला कारण होणारा पदार्थ म्हणून ॲस्बेस्टॉस जगन्मान्य झाले. ही गोष्ट मनात ठेवावी. तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आता दुसरा प्रवाह पाहू. प्लास्टिक कुजत नाही ही आजची तक्रार. परंतु कुजणारे प्लास्टिक हे आजचे संशोधन नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्य याने १९२६ साली दाखविले, की काही जीवाणू आपल्या शरीरात चरबीसारखा एक साठा करतात आणि तो साठा म्हणजे एक पॉलिएस्टर, अर्थात एक प्लास्टिकच होय. १९३२ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॅक्टिक आम्लापासून प्लास्टिकाची साखळी गुंफली. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्याला आंबटपणा देते तेच. परंतु त्या साखळ्या आखूड निघाल्या. शिवाय उष्णतेने व पाण्याने या जातीचे पदार्थ ढासळत. कॅरोदर्सने ती वाट सोडली आणि १९३५ साली नायलॉन निर्माण केले, जे पाण्याला दाद देत नाही. जगाने नायलॉन उचलले आणि दह्याचे प्लास्टिक कपाटात गेले. पाण्याने आणि जंतूंनी मोडणे हा त्या काळी दुर्गुण होता. काळ पालटला आणि तोच दुर्गुण सद्गुण ठरला.

त्याचे प्रथम स्वागत शस्त्रवैद्यांनी केले. जखम शिवल्यावर टाका आपोआप विरून जावा अशी त्यांची इच्छा होती. १९७०च्या दशकात याच कुळातील धागे रुग्णालयांतून वापरात आले. मग तेलाच्या किमती भडकल्या, कचऱ्याचे ढीग वाढले आणि उद्योगांचे लक्ष इकडे वळले. इंग्लंडच्या आय.सी.आय. कंपनीने जीवाणूंचे प्लास्टिक बाजारात आणले. १९९० साली जर्मनीत त्याच्या बाटलीतून शाम्पू विकला गेला. अमेरिकेत कारगिल कंपनीने मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल व त्यापासून प्लास्टिक करण्याची रीत बसविली, आणि २००२ साली नेब्रास्का राज्यातील ब्लेअर गावी वर्षाला १,४०,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. या प्लास्टिकाचे नाव पॉलिलॅक्टिक ॲसिड; व्यवहारात त्याला पी.एल.ए. म्हणतात.

परंतु त्याची खोड गेली नव्हती. ते कडक आहे, पण ठिसूळ. आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. आपला कडक चहा त्याच्या साध्या पेल्यात ओतला तर पेला मान टाकील. शिवाय त्यातून हवा आणि वाफ बरीच झिरपते, म्हणून खाद्यपदार्थ बांधावयास ते कमी पडते. कुजणाऱ्याला बळ कसे द्यावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर तिसऱ्या प्रवाहातून आले, आणि तो प्रवाह मातीचा आहे.

फ्रान्समध्ये मोंमोरियाँ नावाचे गाव आहे. तेथील एका मऊ मातीला १८४७ साली त्या गावावरून मॉन्टमोरिलोनाइट हे नाव पडले. नाव जड आहे, माती ओळखीची आहे. आपल्या देशावरची काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात; तो प्रताप याच कुळातील चिकणमातीचा. या मातीचा कण म्हणजे पत्त्यांचा जोड समजा. एकेक पत्ता सुमारे एक नॅनोमीटर जाड, परंतु लांबीरुंदीने शेकडो नॅनोमीटर. पाणी पत्त्यांमधून शिरते, जोड फुगतो. पाणी गेले की आकसतो. असे सर्व पत्ते सुटे करता आले तर एक ग्रॅम मातीचा पृष्ठभाग सुमारे साडेसातशे चौरस मीटर भरतो, म्हणजे सात गुंठ्यांहून अधिक. चिमूटभर माती आणि सात गुंठे पृष्ठभाग!

अडचण अशी, की ही माती पाण्याची मैत्रीण आणि बहुतेक प्लास्टिके तेलाच्या गोत्रातली. नुसते कालवले तर माती गुठळ्या करून बसते आणि प्लास्टिक गुठळीपाशीच तुटते. त्यावर उपाय निघाला तो पत्त्यांमध्ये बसलेले सोडियमसारखे आयन काढून त्यांच्या जागी तेलाशी सलगी असणारे सेंद्रिय रेणू बसविण्याचा. १९५० साली अमेरिकेत नॅशनल लेड कंपनीला अशा मातीने रबर बळकट करण्याचे पेटंट मिळाले होते. परंतु गोष्ट तेथेच निजून राहिली.

तिला जागे केले जपानने. टोयोटाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत ओकाडा, उसुकी, कोजिमा, कावासुमी या मंडळींनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक युक्ती काढली. तयार नायलॉनात माती कालविण्याऐवजी त्यांनी नायलॉनचा कच्चा माल पत्त्यांच्या मधोमध शिरविला आणि साखळी तेथेच वाढू दिली. वाढत्या साखळीने पत्ते आतून उघडले. शंभरात चार-साडेचार भाग माती, आणि परिणाम पाहा : ताण सोसण्याची शक्ती ६९ वरून १०७ मेगापास्कलवर गेली, ताठरपणा जवळजवळ दुप्पट झाला, आणि भाराखाली सुमारे ६५ अंशांवर वाकणारे नायलॉन १४० अंश ओलांडले तरी तग धरू लागले. १९९०च्या सुमारास टोयोटाच्या मोटारीत टायमिंग बेल्टचे झाकण या मालाचे बसले. योगायोग बघा : कॅरोदर्सने दह्याचे प्लास्टिक सोडून ज्या नायलॉनचा हात धरला, त्याच नायलॉनच्या घरी मातीने पहिले यश मिळविले आणि मग ती सोडलेल्या भावाकडे वळली.

तेथे पहिले पाऊल चुकले. १९९७ साली ओगाता आणि सहकाऱ्यांनी पी.एल.ए. व माती द्रावणातून एकत्र केली, पण पत्ते नीट सुटले नाहीत, गुठळ्या राहिल्या. नंतर २००२च्या सुमारास नागोया येथील टोयोटा तंत्रशास्त्र संस्थेत मसामी ओकामोतो आणि सुप्रकाश सिन्हा राय या भारतीय शास्त्रज्ञाने योग्य संस्कार केलेली माती वितळलेल्या पी.एल.ए.त मिसळून दाखविली. ताठरपणा वाढला, उष्णता सोसण्याची मर्यादा वाढली, हवा झिरपणे घटले. हवा का घटावी? मोकळ्या मैदानातून माणूस सरळ चालत जातो, जुन्या पेठेच्या गल्लीबोळांतून त्याला वळसे घ्यावे लागतात. मातीचे पत्ते प्लास्टिकात असे बोळ उभारतात. विशेष म्हणजे त्यांच्या काही नमुन्यांत ही माती घातलेले प्लास्टिक शुद्ध प्लास्टिकापेक्षा खतात लवकर कुजले. बळ दिले म्हणून कुजणे थांबलेच पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसून आले.

मातीच्या जोडीला इतर खनिजेही आली : अतिसूक्ष्म खडू, सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड. हाडातील खनिजाशी सारखे असलेले हायड्रॉक्सीॲपेटाइट मिसळून हाडे जोडण्याचे, हळूहळू विरणारे स्क्रू झाले. परंतु हा परीस नव्हे. माती वाढविली की ताठरपणा वाढतो, पण पुष्कळदा वस्तू अधिक ठिसूळ होते. अमुक टक्क्यांपुढे पुन्हा गुठळ्या बनतात. प्रयोगशाळेत चमच्याने केलेले मिश्रण कारखान्यात टनाने करावयाचे म्हणजे एक्स्ट्रुडरच्या स्क्रूची कसोटी लागते. बारीक माती महाग झाली की शेटजीला जाड खडू आठवतो, आणि बळकटीच्या नावाखाली पुन्हा भेसळ सुरू होते.

आता नागरिक म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. "कुजणारे" म्हणजे कोठे कुजणारे? २००० सालच्या युरोपीय मानकाची कसोटी अशी, की सुमारे ५८ अंशांच्या कारखानी खतात सहा महिन्यांच्या आत पदार्थाच्या किमान ९० टक्के कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. पी.एल.ए. या कसोटीस उतरते. पण आपल्या परसातला खड्डा, नाला किंवा समुद्र यांत ५८ अंश नसतात. तेथे ते पुष्कळ काळ जसेच्या तसे पडून राहते. शिवाय त्यातील खनिज कुजत नाही; ते माती होते तसे मातीच राहते. मॉन्टमोरिलोनाइटबद्दल त्याची चिंता थोडी, कारण ती शेतात आहेच. परंतु तिच्यावर चढविलेल्या रसायनाची आणि इतर खनिजांची चौकशी केली पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, आणि कुजणाऱ्या पिशव्यांचे पीक बाजारात आले. खतात कुजणारी म्हणून पिशवी विकावयाची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपण पिशवी घेताना ते विचारीत नाही. आणि विचारले, तरी ती पिशवी जावयाची कोठे? तिच्यासाठी वेगळा कचरा आणि गरम खताचा कारखाना गावात नसेल, तर ती इतर पिशव्यांच्या शेजारीच पडावयाची.

हा उद्योग आता आपल्या दाराशी आला आहे. पुण्याजवळ जेजुरीस २०२४ साली प्राज कंपनीच्या, अशी प्लास्टिके करण्याच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन झाले. उसाच्या प्रदेशात साखरेपासून प्लास्टिक व्हावे हे स्वाभाविक आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. उद्या या धंद्यात आमची मुले लागतील. म्हणूनच आता गोणीकडे परत येतो.

तयार वस्तूत खनिजाचा कण प्लास्टिकात जखडलेला असतो. पेल्यातून चहा पिणाऱ्याच्या छातीत तो उडत नाही. पण वस्तू होण्यापूर्वी तो गोणीत मोकळा असतो, आणि गोणी कोणीतरी फोडतो. "मातीने काय होतंय?" या प्रश्नाची उत्तरे इतिहासाने दिलेली आहेत. १९३० आणि १९३१ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे बोगदा खणताना गारगोटीची धूळ छातीत जाऊन शेकडो मजूर दगावले. त्यांत बहुसंख्य काळे होते. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार त्याच धुळीने, सिलिकोसिसने, तरुणपणी गेले. आपण ज्या पेन्सिलीने अ आ इ ई गिरविले, ती कापणाऱ्याचा श्वास त्यात खर्ची पडला होता. स्फटिकरूप सिलिका हे कर्करोगाचे कारण आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली दिला. खाणीतून निघालेल्या चिकणमातीतही गारगोटीचा अंश असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

बरे, कण बारीक केला की काय होते? अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०११ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीची मर्यादा सुचविली. साध्या बारीक पुडीसाठी हवेच्या एका घनमीटरात २.४ मिलिग्रॅम, त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म पुडीसाठी फक्त ०.३. पदार्थ तोच, कण लहान, आणि मर्यादा आठपट कडक! ज्या वाढलेल्या पृष्ठभागाने प्लास्टिकाला बळ येते, तोच पृष्ठभाग फुप्फुसालाही भिडतो. ॲस्बेस्टॉसचा धडा पुन्हा तोच.

मी यंत्राचा किंवा शोधाचा शत्रू नाही. उपाय आहेत आणि ते स्वर्गातून आणावयाचे नाहीत. पूड मोकळी न आणता आधीच प्लास्टिकात बांधून तिचा दाणा आणावा. गोणी बंद पेटीत फोडावी. तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा असावा. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. नाकावर फडके नव्हे, योग्य मुखवटा असावा. गोणीवर पदार्थाचे नाव, कणाचा आकार आणि धोका कामगाराच्या भाषेत छापावा. वर्षाला छातीची तपासणी व्हावी आणि तिचा कागद कामगाराच्या हाती पडावा. भोपाळच्या १९८४ सालच्या संहारानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देण्याचे बंधन मालकावर आले. हजारो माणसे मेल्यावर मिळालेला हा अधिकार आहे. तो वापरावयाचा सोडून कपाटात ठेवू नये. मी स्वतः मिक्सरवर होतो ती वर्षे त्या दुरुस्तीनंतरचीच होती, आणि आमच्या शेडमध्ये तिचा एक कागदही लागलेला नव्हता.

तात्यांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांना खोकला जडला. दम लागून ते जिना चढेनासे झाले, तेव्हा त्यांना घरी बसविण्यात आले. तो दम खडूच्या धुळीचा, विडीचा की दोहोंचा, हे सांगता येईल अशी तपासणी त्यांची कोणी कधी केलीच नाही. त्यांच्या नावे कागद नाही, म्हणून तक्रार नाही, म्हणून भरपाई नाही. मी युनियनच्या कामाला लागलो तो त्या साली.

चिखलात भुसा तुडविणाऱ्या माणसापासून नागोयाच्या प्रयोगशाळेपर्यंत आपण एक लांबचा पल्ला आज चाललो. कुजणारे आणि तरीही बळकट प्लास्टिक होणे शक्य आहे, हे शास्त्राने दाखविले आहे. ते खरोखर कुजेल काय, हे आपल्या नगरपालिकेच्या कचरा-व्यवस्थेवर अवलंबून आहे, आणि नगरपालिका आपली आहे. ते करताना कोणाची छाती कुजू नये, हे आपल्या संघटनेवर अवलंबून आहे. दुकानात अशी वस्तू हाती आली, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : ही कोठे कुजते? हिच्यात काय घातले आहे? आणि ते घालणाऱ्याच्या नाकावर काय होते? पहिले दोन प्रश्न आजकाल पुष्कळ लोक विचारतात. तिसरा विचारणारे थोडे आहेत, म्हणून आज मी येथे आलो.